घरचा तंबोरा : जुना, नवा की यंत्रातला?

जबलपुरातील आमच्या परिचयाच्या एका मराठी कुटुंबात गेल्या उन्हाळ्यात एक प्रश्न उपस्थित झाला. वरवर पाहता तो एका वाद्याचा प्रश्न होता. परंतु घरातील तीन पिढ्या त्यात गुंतल्या, दोन-तीन रात्री जेवणानंतर त्यावर बोलणे झाले आणि अखेरीस जो निर्णय झाला, तो आरंभी कोणाच्याही मनात नव्हता. असा प्रश्न आज अनेक घरांपुढे येतो. म्हणून ती हकीकत आणि तिच्या अनुषंगाने मिळालेली माहिती वाचकांपुढे ठेवीत आहोत.

या घरातील आजोबा रेल्वेत नोकरीला होते. गाणे हा त्यांचा छंद. त्यांचा मिरजेचा मोठा तंबोरा त्यांच्या पश्चात माजघराच्या कोपऱ्यात गवसणीत उभा होता. जबलपूरचा उन्हाळा किती कोरडा आणि कडक असतो, हे तेथे राहिलेल्यांस सांगावयास नको. वर्षानुवर्षांच्या उन्हाने आणि त्यानंतरच्या पावसाळी दमटपणाने भोपळ्याला एक लांब चीर गेली होती, दोन खुंट्या फिरेनाशा झाल्या होत्या आणि तारा गंजल्या होत्या.

नात आता चौदा वर्षांची आहे. चार वर्षे ती गाणे शिकत आहे. तिच्या बाईंनी सांगितले, "आता हिला पेटीच्या आधारावर गाऊ देऊ नका. हिला तंबोरा हवा." त्याच सुमारास जुन्या वस्तूंचा एक व्यापारी घरी आला. एका हॉटेलाच्या दिवाणखान्यात ठेवण्यासाठी त्याला हा तंबोरा हवा होता. त्याने देऊ केलेली रक्कम एखाद्या नव्या तंबोऱ्याच्या किमतीइतकी होती. वडील येथील गन कॅरेज फॅक्टरीत नोकरीस आहेत, मिळकत बेताची. जुना विकून नवा घ्यावा, जुनाच दुरुस्त करावा, की सध्या सर्वत्र मिळणारे तंबोऱ्याचे यंत्र आणून भागवावे, असे तीन मार्ग त्यांच्यापुढे होते.

शस्त्रांकडून स्वरांकडे

तंबोरा म्हटला की मराठी माणसाला मिरज आठवते. मिरजेतील हा धंदा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास सुरू झाला. तेथील शिकलगार मंडळींचे पिढीजात काम तलवारी आणि इतर हत्यारे बनविण्याचे व त्यांना धार लावण्याचे. इंग्रजी अंमलात हत्यारांची मागणी ओसरली. तेव्हा फरीदसाहेब नावाच्या कारागिराने सतारी आणि तंबोरे दुरुस्त करण्यास व पुढे बनविण्यास आरंभ केला. पटवर्धन संस्थानिकांचा संगीताला आश्रय होता. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांपाशी विष्णु दिगंबर पलुस्कर शिकले ते मिरजेतच, आणि खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांचे वास्तव्यही मिरजेतच होते. दर्ग्याच्या उरुसात गवई हजेरी लावीत. कारागिरांना जाणते कान लाभले ते यामुळे. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले.

हत्यारे घडविणाऱ्यांचे वंशज तंबोरे घडवू लागले, ही हकीकत जबलपूरकरांना विशेष वाटावी अशी आहे. कारण १९०४ साली स्थापन झालेल्या तोफगाड्यांच्या कारखान्यापासून या शहराची ओळख शस्त्रनिर्मितीचे शहर अशी झाली आहे. मराठी माणसांची वस्ती मात्र त्याहून जुनी. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून १८१७ पर्यंत येथे मराठ्यांचा अंमल होता, आणि पुढे १९५६ पर्यंत जबलपूर व नागपूर एकाच प्रांतात होते. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांचे नाव धारण करणारे संगीत महाविद्यालयही येथे आहे. तेव्हा मिरजेचे वाद्य नर्मदेच्या काठी येऊन राहिले, यात नवल नाही.

तंबोऱ्याचे मर्म

चार तारा, एक भोपळा आणि एक पोकळ दांडी, एवढेच हे वाद्य. गाणाऱ्याच्या पाठीशी ते सतत षड्ज आणि पंचम धरून ठेवते. रागात पंचम नसेल तर पहिली तार मध्यमाची वा निषादाची लावतात. मधल्या दोन तारा जोडीच्या षड्जाच्या आणि शेवटची खर्जाची. मधल्या तारा पोलादी व खर्जाची पितळी, ही नेहमीची रीत.

परंतु त्याचे खरे मर्म घोडीमध्ये आहे. घोडीचा माथा सपाट नसून किंचित उताराचा असतो. तार कंप पावताना या उताराला पुन्हा पुन्हा स्पर्श करते, आणि घोडी व तार यांच्यामध्ये सुताचा बारीक दोरा योग्य जागी सरकविला की स्वर एकदम खुलतो. यालाच जवारी म्हणतात. सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ साली या गोष्टीचा शास्त्रीय अभ्यास प्रसिद्ध केला. साध्या तारेला बरोबर मध्यावर छेडले, तर तिच्यातून दुपटीचा स्वरांश ऐकू येऊ नये, असा नियम आहे. तंबोऱ्याच्या आणि वीणेच्या तारेतून मात्र तो स्पष्ट उमटतो, असे त्यांना आढळले. घोडीच्या वळणाचाच हा परिणाम.

या स्वरांशांपैकी पाचवा म्हणजे शुद्ध गंधार. खर्जाची तार उत्तम लागली की न छेडलेला गंधार आपोआप ऐकू येतो. पेटीच्या पट्टीवरील गंधार याहून किंचित चढा असतो. म्हणूनच बाईंनी मुलीला पेटीपासून दूर करण्यास सांगितले होते. कानाला पेटीच्या गंधाराची सवय जडली की ती पुढे मोडणे कठीण जाते.

जुन्याची ओढ

जुने वाद्य चांगले, अशी आपल्याकडे समजूत आहे. ती सर्वस्वी खोटी नाही. लाकूड मुरते, हलके होते, आणि वर्षानुवर्षे वाजलेल्या वाद्याला एक मोकळेपणा येतो, असा जाणकारांचा अनुभव आहे. परंतु पूर्वी सुमार वाद्येही बनत असत. ती केव्हाच मोडीत निघाली. जी चांगली होती ती जपली गेली. आज आपण जी जुनी वाद्ये पाहतो ती बहुधा अशी निवडून उरलेली असतात, आणि त्यावरून सारेच जुने श्रेष्ठ असा समज होतो.

हा मोह केवळ आपल्याकडेच आहे असे नाही. पाश्चात्त्य देशांत विजेवर चालणाऱ्या गिटारीचा आवाज वाढविण्यासाठी जे ध्वनिवर्धक वापरतात, त्यांच्या बाबतीत हाच वाद चालतो. अमेरिकेतील फेंडर कंपनीचे १९५० च्या दशकातील काचेच्या व्हॉल्वचे ध्वनिवर्धक आज मोठ्या किमतीला विकले जातात. कंपन्या त्याच जुन्या नमुन्यांच्या नव्या आवृत्त्या काढतात, आणि इतर लोक त्यांच्या स्वस्त प्रतिकृती करतात. गमतीची गोष्ट अशी की, लंडनमध्ये जिम मार्शल यांच्या दुकानात १९६२ साली जो प्रसिद्ध ध्वनिवर्धक तयार झाला, तो फेंडरच्याच 'बासमन' नमुन्यावर आधारलेला होता. काल जी प्रतिकृती होती, तिचीच आज लोक अस्सल जुनी वस्तू म्हणून पूजा करतात. शिवाय जुन्या ध्वनिवर्धकातील विद्युत् साठविणारे भाग कालांतराने निकामी होतात व धोकादायकही ठरतात. ते बदलल्यावाचून तो वापरता येत नाही. म्हणजे जुने म्हणून घेतलेले यंत्रही काही अंशी नवेच असते.

तंबोऱ्याचेही तसेच आहे. तारा, सूत, खुंट्या आणि प्रसंगी घोडी ही सारी बदलत जातात. जुनेपणा राहतो तो दांडीत, तबलीत आणि भोपळ्यात. म्हणून जुना तंबोरा पाहताना कोरीव कामाकडे न पाहता प्रथम दांडी पाहावी. वाद्य आडवे धरून एका टोकाकडून नजर लावली की दांडीला बाक आला आहे काय ते कळते. बाकलेल्या दांडीचे वाद्य शक्यतो घेऊ नये. मग तबली घोडीखाली खचली आहे काय ते पाहावे, आणि भोपळा व दांडी यांच्या सांध्यावर बोटाने हलके टिचकी मारून सांधा सुटला आहे काय ते ऐकावे. भोपळ्याची चीर त्या मानाने लहानसा दोष. कुशल कारागीर ती आतून कापड आणि सरस लावून बुजवितो.

आणखी एक गोष्ट कायद्याची. जुन्या तंबोऱ्यांवर कधी कधी हस्तिदंताचे नक्षीकाम असते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात १९८६ व १९९१ साली झालेल्या दुरुस्त्यांनंतर आपल्या देशात हस्तिदंताचा व्यापार पूर्णपणे बंद झाला आहे. तेव्हा 'अस्सल हस्तिदंती' असे सांगून कोणी वाद्य विकू लागला, तर ते अभिमानाने घेण्याऐवजी दूर राहावे हेच बरे. आज घोडी हाडाची, लाकडाची अथवा कृत्रिम द्रव्याची करतात, आणि तिच्यावर जवारी उत्तम निघते.

मिरजेची फेरी

या घरच्या मंडळींनी निर्णयापूर्वी वाद्य जाणत्याला दाखविण्याचे ठरविले. पुण्यास लग्नकार्य होतेच. तारा सैल करून, वाद्य दोन गोधड्यांत गुंडाळून वडिलांनी ते आगगाडीने इटारसी-भुसावळ मार्गे पुण्यास व तेथून मिरजेस नेले. मुलगी बरोबर होती.

वृद्ध कारागिराने वाद्य उलटसुलट पाहिले. दांडीवरून नजर फिरविली. पांढऱ्या नक्षीवर नख घासून तो हसला आणि म्हणाला, "साहेब, हा हस्तिदंत नव्हे, कचकडं आहे. तुमचा व्यापारी फसला असता." मग त्याने मुलीला विचारले, "बाळ, तुझा सूर कोणता?"

"काळी चार," ती म्हणाली.

"आणि आजोबांचा?"

"काळी एक," वडिलांनी उत्तर दिले.

कारागिराने तंबोरा हळूच भिंतीला टेकविला. "मग हे वाद्य हिचं नव्हे. वाद्य चांगलं आहे, दांडी सरळ आहे, आणखी पन्नास वर्षं चालेल. पण काळी एकचं आहे. काळी चारपर्यंत ओढलंत, तर त्याचे हाल होतील."

येथे थोडे स्पष्टीकरण आवश्यक आहे. मर्दानी तंबोरा साधारणतः साडेचार-पाच फूट लांबीचा, तर जनानी साडेतीन-चार फुटांचा असतो. स्त्रियांचा सूर उंच, म्हणून तारेची लांबी कमी. काळी एकपासून काळी चार हे अंतर षड्ज-पंचमाचे, म्हणजे कंपनसंख्या दीडपट. तीच तार दीडपट कंपनांवर न्यावयाची तर तिच्यावरील ताण सव्वादोन पट करावा लागतो. एवढ्या ताणाने दांडीला बाक येण्याची, तबली खचण्याची आणि तार तुटण्याची भीती. बारीक तारा चढविल्या तर ताण कमी होतो, परंतु नादही पातळ होतो. घरात जुना तंबोरा आहे म्हणून मुलांनी त्यावरच गावे, असा आग्रह धरणाऱ्यांनी ही गोष्ट अवश्य ध्यानात घ्यावी. गळ्याने वाद्याच्या सुरात जावयाचे नसते. गळ्याच्या सुराचे वाद्य निवडावयाचे असते.

मुलीचा चेहरा उतरला. आजोबांच्याच तंबोऱ्यावर गावयाचे, असे तिने मनाशी धरले होते.

नवे वाद्य आणि स्वस्त पर्याय

कारागिराच्या दुकानात इतर पर्यायही पाहावयास मिळाले. पहिला अर्थातच नवा जनानी तंबोरा. त्यासाठी पंढरपूरच्या परिसरात पिकणारे मोठे भोपळे वाळवून वापरतात. दांडीला व तबलीला तुणीचे लाकूड. हे काम अद्याप हातानेच होते. नवे वाद्य घेताना भोपळा पुरेसा वाळलेला आहे काय, खुंट्या घट्ट पण सहज फिरतात काय आणि चारही तारांची जवारी सारखी आहे काय, हे पाहावे. शक्य असल्यास गुरूंना बरोबर न्यावे. वाद्य आपल्याच सुरात लावून किमान अर्धा तास ऐकावे. पहिल्या पाच मिनिटांत बहुतेक सारे तंबोरे गोड वाटतात.

दुसरा पर्याय भोपळ्याऐवजी चपटी लाकडी पेटी असलेल्या लहान तंबोरीचा. ती स्वस्त, प्रवासास सोयीची आणि फुटण्याची भीती कमी असलेली. तिचा नाद भोपळ्याच्या तंबोऱ्याइतका भरदार नसतो, परंतु तारा खऱ्या, घोडी खरी आणि जवारीही खरी. ज्या मुलाला वाद्य लावण्यास शिकावयाचे आहे त्याला ती बरीच उपयोगी पडते.

तिसरा पर्याय यंत्राचा. १९७० च्या दशकाच्या अखेरीस बंगळूरचे अभियंते जी. राज नारायण यांनी विजेवर चालणारा तंबोरा पुढे आणला. आज अशी यंत्रे काही हजार रुपयांत मिळतात, आणि मोबाइल फोनमध्येही तंबोऱ्याचा ध्वनी ऐकता येतो. यंत्र उन्हाने उतरत नाही, पावसाने बिघडत नाही, पहाटे एकट्याने रियाज करताना छेडणारा सोबती मागत नाही. लहान जागेत राहणाऱ्या कुटुंबांना त्याचा मोठा आधार आहे आणि त्याला नावे ठेवणे कृतघ्नपणाचे होईल.

तथापि त्याच्या मर्यादा ओळखून ते वापरावे. यंत्रातील लहानशा ध्वनिक्षेपकातून खर्जाचे अंग पुरेसे उमटत नाही. ते मोठ्या ध्वनिक्षेपकाला जोडले तर फरक पडतो. आवाज मोठा ठेवण्याचा मोह टाळावा, कारण मोठ्या आवाजाखाली स्वतःचा सूर ऐकू येत नाही. आणि मुख्य उणीव अशी की, कळ दाबली की सूर तयार मिळतो. खुंटी पिळून, मणी सरकवून, दोन तारा एक होईपर्यंत ऐकत राहण्याने कानाला जे शिक्षण मिळते, ते यंत्र देत नाही.

आजींचा कौल

मंडळी वाद्यासह जबलपूरला परतली. व्यापाऱ्याचा निरोप आला होता. नक्षी कचकड्याची आहे हे वडिलांनी त्याला स्पष्ट सांगितले, तरी त्याची तयारी होती; किंमत मात्र त्याने थोडी उतरविली. वडिलांचे मन विकण्याकडे झुकले. हिशेब सरळ होता. जुने मुलीच्या उपयोगाचे नाही; ते देऊन तिच्या उपयोगाचे घ्यावे.

आजी विरोध करतील असे सर्वांना वाटले होते. त्या शांतपणे म्हणाल्या, "विकायला माझी ना नाही. गाणाऱ्या माणसाला द्या, फुकटसुद्धा द्या. पण हॉटेलात त्याला कोण छेडणार? आणि घरात काळी एकमध्ये गाणारं कोणीच नाही का?"

सर्वांच्या नजरा वडिलांकडे वळल्या. ते तरुणपणी अभंग गात असत. नोकरी, पाळ्या, मुलांचे शिक्षण यांत ते केव्हा सुटले, हे त्यांच्याही ध्यानात आले नव्हते.

निर्णय झाला तो असा. आजोबांचा तंबोरा दुरुस्त करून त्याच्याच सुरात ठेवावयाचा. दुरुस्तीचा खर्च नव्या वाद्याच्या निम्म्याहूनही कमी होता. मुलीसाठी सध्या यंत्र आणावयाचे. आणि पुढील वर्षी दसऱ्याच्या बोनसमधून मिरजेस जनानी तंबोरा सांगावयाचा. यात मुलीला एक वर्ष थांबावे लागणार होते. ती नाराज झाली, हे लपविण्याचे कारण नाही. बाईंनीही सांगितले की, एवढे थांबणे आदर्श नव्हे. परंतु त्यांनी एक तोड सुचविली. रोजचा रियाज मुलीने यंत्रावर करावा, आणि वडिलांचा तंबोरा लावण्याचे काम रोज संध्याकाळी तिनेच करावे. वाद्य दुसऱ्याच्या सुराचे असले, तरी कान तर तिचाच तयार होणार.

तंबोऱ्याची निगा

तंबोरा जपण्याविषयी मिरजेच्या कारागिराने काही सूचना दिल्या, त्या मध्य प्रदेश-विदर्भासारख्या कडक हवेच्या प्रदेशातील सर्वांनाच उपयोगी पडतील. वाद्य खिडकीजवळ वा पत्र्याच्या छपराखालच्या खोलीत ठेवू नये. उन्हाळ्यात पाण्याच्या कूलरचा झोत थेट त्यावर येऊ देऊ नये. दिवसा कोरडेपणा व रात्री ओल अशा फेऱ्याने सांधे सुटतात आणि खुंट्या अडकतात. बरेच दिवस वाजवावयाचे नसेल तर तारा थोड्या उतरवून ठेवाव्यात. खुंटी घसरत असेल तर तिला खडूची भुकटी लावावी. तेल कधीही लावू नये. पावसाळ्यात गवसणी अधूनमधून काढून वाद्याला वारा द्यावा. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे वाद्य रोज वाजवावे. कोपऱ्यात उभ्या राहिलेल्या वाद्याची चीर कोणाच्या दृष्टीस पडत नाही.

दुरुस्त तंबोरा श्रावणात घरी परत आला. पहिले काही दिवस मुलीला तो लावण्यास पाऊण तास लागे. एकदा जोड जुळला तर पंचम उतरे, पंचम चढविला तर जोड हले. वडील न बोलता बसून राहत. एका संध्याकाळी आम्ही त्यांच्या घरी गेलो असता ती सूत सरकवीत होती. बोट जरासे हलले आणि खर्ज एकदम बोलू लागला. ती थबकली, पुन्हा छेडून पाहिले आणि आतल्या खोलीकडे वळून म्हणाली, "आजी, ऐक ना, यात गंधार वाजतोय. मी लावला नाही, तरी वाजतोय."

आजी बाहेर येऊन बसल्या. वडिलांनी घसा साफ केला व अभंग सुरू केला. आवाज बसलेला होता, वरचा षड्ज नीट लागला नाही. परंतु तंबोरा सुरात होता.

यंदाच्या दसऱ्याला मिरजेस पैसे पाठवावयाचे आहेत. जनानी तंबोरा, काळी चार, साधा, नक्षी नको, अशी मागणी मुलीने स्वतःच्या हाताने लिहून तयार ठेवली आहे.